चिडचिड टेन्शनची की गांजाची?

संपादक महोदय,

‘टेन्शन आलं की एक जॉइंट (गांजा भरलेली सिगारेट), मग डोकं शांत,’ असं सांगणारा मुलगा खोटं बोलत नसतो. गांजातलं टीएचसी, म्हणजे नशा आणणारं रसायन, थोडं असेल तर भीती बोथट करतं. जास्त झालं की तेच छातीत धडधड आणि संशय आणतं. खरा घोळ रोज ओढण्यात आहे. मेंदू स्वतःच आनंदामाइड नावाचं रसायन बनवतो (1992 मध्ये ते सापडलं, तेव्हा नावासाठी आपला ‘आनंद’च उचलला गेला). ते मेंदूतल्या ज्या ग्राहींवर (रसायन पकडणाऱ्या जागांवर) बसतं, तिथेच टीएचसी बसतं. बाहेरून रोज माल मिळू लागला की मेंदू ते ग्राही कमी करतो. मग एक दिवस ओढलं नाही तर चिडचिड होते, झोप उडते, घास उतरत नाही. हा गांजा उतरल्याचा त्रास. मुलाला वाटतं, टेन्शन परत आलं. तो पुन्हा ओढतो.

म्हणून घरच्यांनी ‘किती ओढतोस?’च्या आधी ‘कधी ओढतोस?’ हे विचारावं. रोज रात्री एकट्याने, झोप यावी म्हणून ओढणं जास्त धोक्याचं. वहीत ओढण्याआधीची अस्वस्थता 0 ते 10 मध्ये लिहावी, अर्ध्या तासाने पुन्हा, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा. सकाळचा आकडा सहसा कोणी लिहीत नाही. चिडचिड टेन्शनची की गांजाची, ते तिथेच दिसतं.

सोडल्यावर त्रास एक-दोन दिवसांत सुरू होतो, पहिल्या आठवड्यात टोकाला जातो आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतो. विचित्र स्वप्नं त्यानंतरही पडतात. आपल्याकडे जॉइंटमध्ये सिगारेटची तंबाखू मिसळतात, त्यामुळे निकोटीनची तलफही सोबत येते. तिची सोय डॉक्टरांना विचारून आधीच करावी. या दिवसांत निकाल, नोकरी, लग्न हे विषय घरात काढू नयेत. उठायची वेळ एकच, दुपारनंतर चहा बंद, संध्याकाळी घाम येईपर्यंत चालणं. गांजा सोडवणारी खास मान्यताप्राप्त गोळी नाही. समुपदेशनावरच भर असतो. महिन्यानंतरही उदासी तशीच राहिली, तर तिचा उपचार वेगळा करावा लागतो. कानात आवाज येत असतील किंवा जीव द्यायची भाषा असेल, तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठावा.

पोलिसांच्या धास्तीने अनेक घरं गप्प बसतात. एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यातलं कलम 64अ, अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात, स्वतःहून सरकारी वा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण देतं. उपचार अर्धवट सोडला तर ते जाऊ शकतं. पहिला फोन 14446 या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 वर करता येतो.

– एक व्यसनमुक्ती समुपदेशक, पुणे