पळालं कोण, ते तरी बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत सगळे धर्म शेवटी एकच सांगतात अशा अर्थाचा लेख होता, त्यात ख्रिस्ती धर्माच्या वाट्याला दोन ओळी आल्या आणि त्याही काय तर देव वर, पापी माणूस खाली, मधे कायमची दरी. आता आमच्या मिरजेत ख्रिस्ती म्हटलं की लोकांना १८९४ पासूनचं मिशन हॉस्पिटल आणि डिसेंबरातला केक एवढंच आठवतं, ते चालतंय, पण लेख लिहिणाऱ्याने तरी बायबलची पहिली चार पानं वाचायची की नाही?

बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात, मनाई केलेलं फळ खाल्ल्यावर आदाम-हव्वा झाडांमागे लपतात, आणि देव बागेत येऊन कुठे आहेस म्हणून हाक मारतो. पुढे शिक्षा झाली, बागेबाहेर काढलं, ते काही मी झाकत नाही. पण आधी पळालं कोण? विचारल्यावर आदाम लगेच बायकोकडे बोट दाखवतो (हे तर घरोघरी चालू आहे), म्हणजे देवाशी तुटलं की माणसाशीही तुटतं. आणि यावरही सगळ्या चर्चचं एकमत नाहीये बरं का. आदामाचा दोष जन्मतःच अंगावर येतो ही मांडणी पाचव्या शतकात ऑगस्टीन या धर्मपंडिताने पक्की केली, ती पश्चिमेकडे रुजली. पूर्वेकडचे ऑर्थोडॉक्स म्हणतात मरण आणि बिघाड वारशाने आला, आदामाचा अपराध नाही आला.

दुसरं म्हणजे लेखात ख्रिस्ती मुक्ती आणि जीव-शिव ऐक्य एकाच पंक्तीला बसवलंय. अद्वैत मोठंच आहे, माझं त्याच्याशी भांडण नाही, पण ते ख्रिस्ती माणसाच्या तोंडी घालू नका. येशू पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, दोन्ही स्वभाव एकमेकांत न मिसळता आणि वेगळे न होता, असं ४५१ साली कॅल्सेडनला भरलेल्या धर्मगुरूंच्या परिषदेत ठरलं. आपलं देवाशी जोडलं जाणं येशूमुळे, पण विरघळून नाही, माणूस माणूसच राहतो. बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात येशू स्वतःला द्राक्षवेल म्हणतो, आणि हे तासगावच्या बागायतदाराला सांगायला पाद्री लागत नाही. ऑक्टोबर छाटणीला तोडून बांधावर टाकलेली काडी वाळून जाते आणि वेलावर राहिली तिचे डोळे, म्हणजे कोंब, फुटीची पेस्ट लावल्यावर फुगतात, फुटतात, घड लागतात, तरी काडी काही खोड होत नाही, नुसता खोडाचा रस तिच्यात चढतो. आणि त्या अध्यायात फळ देणाऱ्या फांदीलाही कात्री लागतेच, म्हणजे देवाशी जोडलं की सगळं सुखाचं असंही कुणी सांगितलेलं नाही.

वारकऱ्याला हे परकं वाटायचं कारण नाही. तुकोबांनीच मुक्ती नको, संतसंग दे असं मागितलंय. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला पण तुकोबांना सोडलं नाही, आणि शेवटच्या वर्षांत मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. मिशनच्या लोकांनासुद्धा हे पचायला जड गेलं असणार.

तर पुढच्या वेळी सर्वधर्म म्हणून एका पानात सगळं कोंबण्यापेक्षा टिळकांच्या साताऱ्यातल्या त्या दिवसांवर कुणाकडून तरी नीट लिहून घ्या. तुमचा सातारचा वार्ताहर आहेच की.

आपला,
एक जुना वाचक, मिरज