विषय: घुमट वाद्याबद्दलची पोस्ट 'वन्यजीव व्यापार' ठरवून काढल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

महोदय,

घुमट म्हणजे तोंडाला कातडे मढवलेले मातीचे वाद्य; ते वाजवत आरत्या म्हणणाऱ्या आमच्या डिचोलीतील पथकाचा तुमच्या ॲपवर ग्रुप आहे, मी त्याची ॲडमिन. गणेश चवथीच्या तोंडावर एका सदस्याने लिहिले: 'नवे घुमट घ्याल तर कातडे बकऱ्याचेच आहे ना, विचारून घ्या. घोरपडीचे घेऊ नका, तो गुन्हा आहे.' ही पोस्ट तुम्ही 'वन्य प्राण्यांच्या अवयवांची खरेदी-विक्री' म्हणून काढलीत. वर ग्रुपलाही ताकीद!

तुमच्या नियमाशी माझे भांडण नाही. घोरपड १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. पूर्वी घुमटाला तिचेच कातडे मढवत. आज बकऱ्याचे मढवतात ते या कायद्यामुळेच.

पण नियम आहे कशासाठी? घोरपड वाचावी म्हणून. मग तपासताना एवढेच पाहायचे की या पोस्टमुळे घोरपड मारायला हातभार लागतो का. तुमच्या यंत्रणेने 'घोरपड', 'कातडे', 'घ्या' हे शब्द टिपले, 'नका' तेवढा सोडला. या न्यायाने 'घोरपड मारू नका' ही वनखात्याची सूचनाही काढावी लागेल. उलट ज्याला खरेच विकायचे आहे तो 'जुन्या पद्धतीचे, दमदार आवाजाचे घुमट' इतकेच लिहील. घोरपडीचे नाव तो कशाला घेतोय? त्याची जाहिरात तुमच्याकडे बिनबोभाट राहणार.

यंत्राकडून चूक होईल, ते मी समजू शकते. अपील तरी कोणी वाचायला हवे होते. उत्तर आले, 'पुन्हा तपासले, निर्णय कायम.' कोणते वाक्य आक्षेपार्ह, याबद्दल चकार शब्द नाही. तपासणाऱ्याला मराठी येत होते का, देव जाणे.

२०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांतील नियम ४(८) पाहा. बेकायदा मजकूर म्हणून पोस्ट स्वतःहून काढताना तुमच्याएवढ्या मोठ्या कंपनीने आधी वापरकर्त्याला कारण कळवायचे असते आणि त्याला बाजू मांडू द्यायची असते. आम्हाला कळले ते पोस्ट गेल्यावर.

तरी पोस्ट पूर्ववत करावी, ताकीद मागे घ्यावी. ते मान्य नसेल तर कोणत्या वाक्याने कोणता नियम मोडला, ते मराठीत लेखी कळवावे. तेही न झाल्यास ३० दिवसांच्या मुदतीत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे जाईन. पोस्टचा आणि तुमच्या उत्तराचा स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे.

आपली,
ग्रुपची ॲडमिन
डिचोली, गोवा