मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेल्या मित्रास

प्रिय अरविंद,
सप्रेम नमस्कार.

मोतीबिंदूची तारीख घेतलीस, बरं केलंस. 'पिकू दे, मग काढू' हा जुना हिशोब झाला. फेको नावाच्या हल्लीच्या ऑपरेशनमध्ये दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून अल्ट्रासाउंडने डोळ्यातलं गढूळ भिंग फोडून ओढून घेतात आणि जागी कृत्रिम भिंग बसवतात. जुनं भिंग जितकं कडक, तितकी ताकद जास्त लागते आणि ती कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, सोसावी लागते.

प्रोस्टेटसाठी रात्री टॅमसुलोसिन घेतोस ना, ते डॉक्टरांना न विसरता सांग. त्या गोळीने आयरिस, म्हणजे बाहुलीभोवतालचा रंगीत पडदा, लुळी पडते आणि बाहुली ऐनवेळी आक्रसते. आता बंद करूनही उपयोग नाही, असर टिकून राहतो. पण आधी कळलं तर डॉक्टर तयारीने बसतात. रक्त पातळ करायची गोळीही स्वतःच्या मनाने थांबवू नकोस. खोकला असेल तर सरळ तारीख पुढे ढकल. पंधरा-वीस मिनिटं उताणं, न हलता पडायचं असतं.

नवं भिंग मोनोफोकल, म्हणजे एकाच अंतराचं, घे, असं माझं मत. पेपर वाचायला चष्मा लागेल, पण जवळ-दूर दोन्ही दाखवणाऱ्या मल्टीफोकलने रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात, आणि तू रात्रीची गाडी काही सोडणार नाहीस.

त्या दिवशी सकाळी डोक्यावरून अंघोळ उरकून घे, नंतर बरेच दिवस मिळणार नाही. पुढे बटणं असलेला सदरा घाल, म्हणजे डोक्यावरून काढावा लागणार नाही.

खरी मेहनत आहे थेंबांची. साबणाने हात धू, खालची पापणी ओढून खिसा कर, त्यात एकच थेंब टाक. डोळ्यात मावतोच एक. दुसरा गालावर जातो. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नकोस. मग डोळा मिटून नाकाकडच्या कोपऱ्यात हाडावर बोटाने हलकं दाबून मिनिट-दोन मिनिटं धर, नाहीतर औषध घशात उतरतं आणि तोंड कडू होतं. डोळ्यावर मात्र दाब नको. दुसरं औषध पाच मिनिटांनी टाक, लगेच टाकलंस तर पहिलं वाहून जातं. दुधासारखी दिसणारी स्टिरॉइडची बाटली दर वेळी नीट हलव. औषध तळाशी बसतं आणि वरचं नुसतं पाणी डोळ्यात जातं. हे थेंब हळूहळू कमी करत चार-सहा आठवडे चालतात. डोळा पांढरा दिसला म्हणून मध्येच सोडणारे पुष्कळ, आणि मग सूज उलटते.

रात्री प्लास्टिकची ढाल चिकटपट्टीने लावूनच झोप, किमान आठवडाभर. तुला झोपेत डोळे चोळायची खोड आहे, वहिनींना विचार! केस धुवायचे तर न्हाव्याच्या खुर्चीत मागे मान टाकून. फोडणीचा धूर, शेतातली धूळ, पोहणं, वजन उचलणं डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. टीव्ही, वाचन चालेल. त्याने टाके तुटत नाहीत, बहुधा टाका नसतोच.

पहिले दोन-चार दिवस खुपणं, पाणी येणं, पांढरा रंग निळसर वाटणं यात घाबरण्यासारखं काही नाही. पण दुखणं किंवा लाली वाढत गेली, पू आला, नजर पुन्हा अंधुक झाली किंवा विजा चमकल्यासारख्या दिसू लागल्या, तर सकाळची वाट न बघता त्याच घटकेला दवाखाना गाठ. आत जंतुसंसर्ग झाला तर काही तासांचा उशीरही नजर नेऊ शकतो.

नवा चष्मा महिना-दीड महिन्याने, नंबर स्थिरावल्यावरच कर. औषधांची चिठ्ठी मिळाली की फोटो पाठव, वेळांचा तक्ता करून देतो, फ्रिजवर चिकटवा.

तुझा,
वसंत