आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : रक्तदाब एकदा उभं करूनही मोजा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

गेल्या आषाढात माझी आई पहाटे मोरीकडे जाताना पडली. वय ७८, नाशिकच्या पंचवटीतल्या जुन्या वाड्यात तळमजल्याला राहते. खुब्याचं हाड मोडलं. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, "फरशी ओली होती का?" फरशी कोरडी होती. दिवाही चालू होता.

तिच्या उशाशी बसून मी मागचे सहा महिने आठवत राहिले. पूजा आटोपून पाटावरून उठताना ती भिंत धरायची. मग पाट गेला, खुर्ची आली. तीतूनही दोन्ही हात रेटल्याशिवाय उठवेना. भाजीला सरदार चौकापर्यंत जाणं बंद झालं. चालताना पाऊल उचलायचं नाही, चपला फरफटायच्या. मधुमेहाने तळवे बधिर झालेले. सकाळी अंथरुणातून उठली की डोळ्यांपुढे अंधारी यायची. आम्ही म्हणायचो, वय झालं. तिच्या मांड्यांतलं बळ सरत होतं, तोल सुटत होता, आणि घरातल्या एकालाही ते कळलं नाही.

या काळात ती दरमहा दवाखान्यात जात होती. रक्तदाब दर वेळी बसवून मोजला, उभं करून एकदाही नाही. आडवं झालेलं माणूस उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर पडण्याचा धोका वाढतो. पुष्कळदा त्यामागे चालू असलेली एखादी गोळीच असते आणि ती डॉक्टरांना बदलता येते. मी कुणा एका डॉक्टरांना दोष देत नाही. हे तपासायचं असतं असं त्यांच्या समोरच्या कागदावर लिहिलेलं नव्हतं.

तो कागद आपण बदलू शकता. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या, म्हणजे सरकारी प्राथमिक दवाखान्यांच्या, सेवांमध्ये वृद्धांची काळजी आहेच. तिथे साठी ओलांडलेल्या प्रत्येकाला वर्षातून एकदा खुर्चीतून उठून तीन मीटर चालायला, वळून परत येऊन बसायला सांगा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरून पुढची तपासणी. यासाठी खुर्ची, टेप आणि घड्याळ पुरतं.

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या पात्र ज्येष्ठांना काठीसारख्या साधनांसाठी ३,००० रुपये मिळतात, ही मोठी सोय आहे. पण काठीची मूठ मनगटाच्या रेषेत हवी, हे दुकानात कोण सांगतं? आईची काठी इतकी उंच होती की ती खांदा उचलून चालायची. शिवाय काठीने पायात बळ येत नाही. ते व्यायामाने येतं. तोल आणि पायांच्या ताकदीचे व्यायाम नियमित केले तर पडण्याचं प्रमाण सुमारे पाव हिश्श्याने घटतं, असं संशोधन सांगतं. नुसतं जॉगिंग ट्रॅकवर फेऱ्या मारून ते साधत नाही. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आमच्या म्हसरूळलाच आहे. फिजिओथेरपीचे शिकाऊ विद्यार्थी आठवड्यातून दोनदा ज्येष्ठ नागरिक संघांच्या सभागृहांत येऊ लागले, तर सुरुवात नाशिकपासून होईल.

आई आता वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत जाते. पुन्हा पडू या भीतीने त्यापुढे जात नाही, आणि न चालल्याने पाय आणखी दुबळे होताहेत. मागच्या आठवड्यात दवाखान्यात मीच म्हटलं, एकदा उभं करून रक्तदाब बघा. वरचा आकडा २४ ने खाली आला. डॉक्टरांनी लगेच गोळी बदलली.

आपली,
पंचवटीतली एक लेक