आर्वीच्या सोनार काकाजींना, त्या गुलाबी पट्टीसाठी

काकाजी, नमस्कार.

काल रात्री लाइट गेली तेव्हा आईनं पोथीतून परत तुम्ही दिलेली ती कागदाची पट्टी काढली आणि मोबाईलच्या टॉर्चमध्ये माझ्यापुढे धरून म्हणे, "वाच बरं एकदा." मी वाचली. तिला पाठ झालीय, तरी ऐकते. तेव्हाच ठरवलं की तुम्हाला लिहायचं, कारण त्या दिवशी दुकानातून नुसतं "येतो काकाजी" म्हणून उतरलो, दुसरा शब्दच निघाला नाही घशातून. तुमच्याकडे बटनाचा मोबाईल आहे ते पाहिलं मी, पण तुमचा नातू गल्ल्याजवळ बसून फोन पाहून राहिला होता, तो वाचून दाखवेल तुम्हाला.

बाबांच्या डालड्याच्या डब्याबद्दल तुम्हाला तेव्हा नीट सांगायचं राहूनच गेलं. पाच एकर कोरडवाहू, कपाशी नि तूर, हातात पैसा कधी टिकला नाही त्यांच्या, पण आठवडी बाजारात गेले की भांडेवाल्याच्या मोडीत हात घालून काहीतरी विचित्र घेऊन यायचे. कोरी चकचकीत नाणी त्यांना नकोच असायची. ज्याच्यावर कोणीतरी काहीतरी केलंय असं नाणं पाहिजे. कडी झाळलेले राणीछाप रुपये, जिनिंगमधले नंबर ठोकलेले पितळी बिल्ले, आणि एक रुपया असा की राणीचं तोंड घासून पार सपाट केलंय आणि तिथं कोण्या बाईचं नाव कोरलंय, वाकड्या अक्षरात, शेवटचं अक्षर जागा पुरली नाही म्हणून बारीक. मला लहानपणी भोकाचे पैसे दाखवून सांगायचे, हे १९४३ पासूनचे पाहा, लढाईत तांबं वाचवायला टाकसाळीनंच भोक पाडलं, भोक कसं गोल नि कडा गुळगुळीत. आणि हा दुसरा पैसा पाहा, याचं भोक खिळ्यानं पाडलंय, मागच्या बाजूला तांबं फाटून वर आलंय, हात लाव. कोण्यातरी लेकराच्या करदोड्यात होतं हे. अर्धा अर्धा तास तेच बोलायचे. गावातले लोक म्हणायचे याच्या डब्यात भंगार आहे. बाबांनी कोणालाच कधी उत्तर दिलं नाही.

त्या डब्यात विकत न घेतलेली एकच वस्तू होती, ते इराकमधल्या बसऱ्याचं मेडल. बाबांचे आजोबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेले होते एवढंच घरात सगळ्यांना माहीत, कायला गेले, कशात गेले, काही नाही. मेडलची वरची पट्टी कधी तुटली कोण जाणे, पण बाबा लहानपणी सारखे आजारी पडायचे म्हणून माझ्या आजीनं त्याला कडी झाळून घेतली आणि काळ्या दोऱ्यात गळ्यात घातलं त्यांच्या, दृष्ट लागू नये म्हणून. बाबांचे दात उमटलेत त्याच्या कडेवर असं आई म्हणते. खरं खोटं देव जाणे, दोन खड्डे आहेत मात्र.

बाबा गेल्यावर कर्ज निघालं सोसायटीचं, म्हणून डबा घेऊन मी शहरात एका नाणेवाल्याकडे गेलो. त्याचं नाव घेत नाही, घ्यायची लायकी नाही त्याची. त्यानं मेडल हातात घेतलं आणि मी काही म्हणायच्या आत खिशातून कानस काढून कडेवर दोनदा ओढली. म्हणे हे तांबं आहे, ओरिजिनल चांदीचं असते, हे डुप्लिकेट, भांड्याच्या भावात घालून टाका, आणि राणीच्या रुपयांच्या कड्या तोडून आणा मग भाव सांगतो. जिथं त्यानं कानस ओढली तिथं नाव होतं काकाजी. मला तेव्हा माहीतही नव्हतं की तिथं नाव असतं.

दुसरा तर फोनवरचाच. बाबांकडे एका बाजूला रामदरबार आणि दुसरीकडे १८१८ नि ईस्ट इंडिया कंपनी लिहिलेलं नाणं होतं, त्याचा फोटो माझ्या भावानं कुठंतरी टाकला, लगेच माणसाचा फोन, लाखाच्या गोष्टी, आणि आधी रजिस्ट्रेशनचे अडीच हजार भरा. भरले भावानं. मग फोन बंद. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच पत्रक काढून सांगितलं होतं म्हणे की जुन्या नोटा नाण्यांच्या व्यवहारासाठी आम्ही कोणाकडून फी घेत नाही आणि घ्यायला कोणाला सांगितलंही नाही, पण आमच्या गावात ते कोण वाचणार. आई महिनाभर कोणाशी बोलली नाही. पैशाचं नव्हतं तिचं, तिला वाटलं बाबांचा डबाच खोटा निघाला, आयुष्यभर लोक हसले ते बरोबर होते.

असे खचून आलो होतो आम्ही तुमच्याकडे, आणि तेही भाचीचे पैंजण जोडायला. मेडल आईनं रुमालात बांधून बटव्यात आणलं होतं, मला न सांगता.

तुम्ही पैंजण बाजूला ठेवले आणि आधी बसायला पाट दिला तिला. मेडल घेतलं ते कडेनं, दोन बोटांत, कसोटीचा दगड समोर असून त्याला टेकवलंसुद्धा नाही. भिंग लावून पाहत बसलात. तो नागडा घोडेस्वार, घोड्याच्या पायाखाली ढाल आणि कवटी, १९१४ आणि १९१८. मी घाईघाईनं सांगितलं की चांदीचं नाही, डुप्लिकेट आहे, तर तुम्ही मान वर न करता म्हणाले, "कोण म्हनते?" मग सांगितलं तुम्ही, की लढणाऱ्या शिपायांना हे चांदीचं द्यायचे, आणि मजूर पलटणीत सडका करायला, ओझी वाहायला जे नेले त्यांच्यातल्या पुष्कळांना ब्राँझचं. चांदीची काही साठ पासष्ट लाख निघाली, ब्राँझची लाखाच्या आसपास. आई एकदम सरळ झाली. "म्हंजे खरं आहे का जी?" "खरंच आहे बाई. नाव हाय ना कडेवर." तिला ते नाव दिसेना. मोतीबिंदूचं एक ऑपरेशन झालंय, एक व्हायचंय, आणि अक्षरं तर मुगाच्या दाण्याएवढीही नाहीत, त्यात इंग्रजी.

आणि मग तुम्ही जे केलं त्यासाठी हे सगळं लिहितोय. तुम्ही दागिने गुंडाळता त्या गुलाबी कागदाची एक बारीक पट्टी कापली, मेडलच्या कडेवर घट्ट गुंडाळली, नातवाच्या दप्तरातून पेन्सिल मागितली आणि आडवी धरून हळूहळू घासत गेलात, मेडल फिरवत, घासत. कागद करडा होत गेला आणि त्यातून गुलाबी अक्षरं निघाली. नंबर, मग नाव, मग लेबर कोर, म्हणजे तीच मजूर पलटण. जिथं कानस लागली होती तिथं अक्षर अर्धंच उमटलं. तुम्ही ते पेन्सिलीनं भरून काढलं नाही, जसं होतं तसं राहू दिलं. मग पट्टी उलगडून खाली निळ्या पेननं मोठ्या अक्षरात मराठीत नाव लिहिलं आणि आईच्या हातात दिलं. आई चौथी शिकलेली आहे, बोट ठेवून वाचते. पहिल्याच अक्षरावर थांबली. "हे काय लिवलं जी?"

"श्री आहे बाई."

आमच्या पणजोबांच्या नावाआधी कोणी श्री लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं काकाजी. सातबाऱ्यावर नाही, मेडलवर तर नंबर. आई रडली, आणि तुम्ही काहीच न बोलता पैंजणाला डाग द्यायला वळलात, तिला रडायला जागा दिली. तेही लक्षात आहे माझ्या.

बाकीचंही सांगतो. मी कडी काढायचं विचारलं तर म्हणाले, "कडी हिच्या सासूनं लावली, मी कोन काढणारा." राणीचे रुपये काट्यावर ठेवून सांगितलं की कोरा रुपया ११.६६ ग्रॅमचा असतो आणि बारात अकरा भाग चांदी, हे झिजलेत, कोणी तोडायला सांगितलं तर तोडू नका, घासू नका, चिंच लावू नका. रामदरबाराचं नाणं पाहून हसला नाहीत. म्हणाले कंपनीनं राम सीतेचं नाणं कधी पाडलंच नाही, हे तीर्थात जत्रेत विकायचं टोकन, त्यावर साल जुनं टाकतात, पण देवघरात ठेवायचं असेल तर ठेवा, देव खोटा थोडी झाला. भावाचे गेलेले अडीच हजार त्या एका वाक्यानं वसूल झाले असं मला वाटलं.

आणि घेतले किती, तर पैंजणाचे चाळीस रुपये.

मी लई दुकानं फिरलो या वर्षात, ऑफिसंही फिरलो, वारसाच्या नोंदीसाठी, कर्जासाठी, आणि प्रत्येक ठिकाणी माणूस कागदाकडे पाहते, समोर उभ्या बाईकडे पाहत नाही. मोठी काचेची दुकानं, एसी, पाण्याची बाटली देतात, आणि कानस ओढतात. तुमच्या ओट्यावर पंखासुद्धा कुरकुरते. पण तुम्ही विचारून हात लावला. गरिबाची वस्तू हातात घेताना विचारणारे लोक अजून आहेत, आणि अशा माणसांच्या भरवशावरच खेड्यातला माणूस शहराच्या दिशेनं पाय उचलते, नाहीतर कोण येते हो.

डबा विकला नाही. सोसायटीचं यंदाच्या कपाशीवर फेडतो, नाही जमलं तर पुढच्या. आईनं मेडल परत रुमालात बांधलं आणि पट्टी पोथीत ठेवली, घडी न घालता, कारण घडी पडली तर पेन्सिल पुसते असं तुम्ही सांगितलं होतं.

तूर निघाली की आईला घेऊन येतो. ती म्हणते घरची डाळ पाच किलो न्यायची तुमच्यासाठी, जात्यावर भरडून. नाही म्हणू नका तिला.