भोगव्याला जाताना अष्टमी गाठा

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

भोगव्याला जायचं ठरवलंत, फार बरं वाटलं. तारकर्ली-देवबागची गर्दी कर्ली खाडीच्या उत्तरेला राहते, दक्षिणेला भोगवे निवांत. रेल्वेने कुडाळला उतरून परुळेमार्गे रिक्षा करा. रोख पैसे जवळ असू द्या.

आई, तिकिटं काढण्याआधी कालनिर्णयात तिथी बघ. तिथीला तिनाने गुणून चाराने भागलं की भरतीची अंदाजे वेळ निघते. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा. सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती, दुपारी बाराला ओहोटी. डिसेंबर ते फेब्रुवारीतली कुठलीही अष्टमी धरा. तेव्हा भांगाची भरती असते, पाणी कमी चढतं-उतरतं, ओढही कमी. अमावस्या-पौर्णिमेला उधाण. गाळ ढवळून पाणी गढूळ होतं आणि खाडीच्या मुखाशी ओहोटीचं पाणी माणसाला बाहेर खेचतं. तिथे पोहायला कधीच उतरू नका, पाणी कितीही शांत दिसो.

स्नॉर्केलिंग, म्हणजे मास्क आणि नळी लावून तरंगत पाण्याखालचं बघणं, मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ. सकाळी दहाच्या आत आटपा, दुपारी वारा सुटला की लाटा उठतात. बाबा, मास्क पट्टा न लावता चेहऱ्याला टेकवा आणि नाकाने श्वास आत ओढा. हात सोडल्यावरही चिकटून राहिला तरच तो तुमचा. मिशीतून पाणी झिरपतं, म्हणून नाकाखालची बारीक पट्टी साफ करा. काचेला आतून थुंकी चोळून विसळली की वाफ धरत नाही. लाइफ जॅकेट अंगावरच ठेवा, श्वास तोंडाने, सावकाश. धाप लागली तर लगेच पाठीवर उताणे व्हा. त्याआधी डॉक्टरांना बीपीच्या गोळ्या दाखवून विचाराच, एवढं माझं ऐका.

दुपारी बाराच्या आसपास होडीने कर्ली खाडीतल्या त्सुनामी बेटावर जा. वाळूचा पट्टा तेव्हाच उघडा असतो. कयाक चार वाजता, भरतीच्या पाण्याबरोबर खाडीत आतल्या बाजूला. परतताना काठ धरून वल्हवा, मध्यापेक्षा तिथे ओढ कमी.

आई, खडकांवर कालवं चिकटलेली असतात, धारेला ब्लेडसारखी. साधी चप्पल निसटते, मागे पट्टा असलेले रबरी सँडल घे.

स्कूबा केलंत तर पुढचे अठरा तास विमान नको, म्हणूनच जवळच्या चिपी विमानतळाचं तिकीट काढू नका. नक्की वेळा होडीवाल्याला आदल्या संध्याकाळी विचारा, आणि तो नको म्हणाला तर त्या दिवशी जाऊ नका.

तुमची,
ताई