‘सर्व्हर डाउन’ म्हणण्याआधी कनेक्शन मोजा

महोदय,

प्रवेशअर्जाच्या शेवटच्या दिवशी संकेतस्थळ अडखळले की ‘सर्व्हरवर ताण आला’ एवढेच सांगितले जाते. पण पान दोनदा उघडते, तिसऱ्यांदा एरर येते आणि चौथ्यांदा पुन्हा उघडते, तेव्हा अनेकदा सर्व्हर दमलेला नसतो, डेटाबेसची कनेक्शन, म्हणजे संकेतस्थळाला माहितीच्या साठ्याशी जोडणाऱ्या मोजक्या वाटा, संपलेली असतात.

काही बदल केला नसेल तर मायएसक्यूएल हा डेटाबेस एका वेळी 151 कनेक्शन देतो, पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस 100. हायकारी पूल, म्हणजे उघडी कनेक्शन राखून ठेवून पुन्हा पुन्हा वापरायला देणारी सोय, वापरणारे प्रत्येक ॲप मुळात 10 कनेक्शनपर्यंत धरते. गर्दी म्हणून आठाचे सोळा ॲप सर्व्हर केले की मागणी 80 वरून 160 वर जाते आणि मदतीला आणलेली यंत्रेच डेटाबेसचे दार अडवतात. मग मर्यादा थेट 1000 केली जाते. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनमागे वेगळी प्रोसेस चालते, त्यामुळे या उपायाने मेमरीवरच संकट येते. त्यापेक्षा मध्ये पीजीबाउन्सर बसवावा; तो अनेक ॲपची मागणी डेटाबेसच्या थोड्या कनेक्शनवर भागवतो.

त्याहून मोठी चूक म्हणजे घाईने रीस्टार्ट करणे, कारण त्यात पुरावाच पुसला जातो. एरर चालू असतानाच कोणते कनेक्शन काय करते आहे ते मायएसक्यूएलमध्ये ‘शो प्रोसेसलिस्ट’ने किंवा पोस्टग्रेसमध्ये ‘पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी’त पाहावे. पोस्टग्रेसमध्ये ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’च्या ओळींची रांग दिसली, तर बहुधा कोड ट्रान्झॅक्शन (एकत्र पूर्ण किंवा रद्द होणाऱ्या नोंदींचा व्यवहार) उघडी ठेवून पेमेंट गेटवेच्या उत्तराची वाट पाहत असतो. गेटवेला 20 सेकंद लागले तर 10 कनेक्शनच्या पूलमधून दोन सेकंदांना एकच अर्ज सरकतो. बाकीचे 30 सेकंद थांबून एरर घेऊन परततात. गेटवेला हाक मारण्याआधी ट्रान्झॅक्शन कमिट करणे, म्हणजे नोंद पक्की करून कनेक्शन मोकळे करणे, हाच यावरचा इलाज.

गर्दी नसताना, सकाळच्या पहिल्याच क्लिकला येणारी एरर वेगळी. ॲमेझॉनच्या क्लाउडमधले नॅट गेटवे (आतल्या यंत्रांना बाहेरच्या नेटवर्कशी जोडणारा दुवा; पेमेंट गेटवेशी त्याचा संबंध नाही) 350 सेकंद शांत राहिलेले कनेक्शन तोडते, तर लिनक्सचा पहिला कीपअलाइव्ह, म्हणजे कनेक्शन जिवंत आहे ना हे तपासणारा छोटा संदेश, मुळात 7200 सेकंदांनी जातो. पूल ते मेलेले कनेक्शन जिवंत समजून पुढे करतो. कीपअलाइव्ह 300 सेकंदांच्या आत आणावा.

कनेक्शन संपण्याच्या बिघाडात पैसे कापले जातात आणि अर्जाची नोंद मात्र रोलबॅक, म्हणजे रद्द, होते. संबंधित विभागांनी अर्जांची खिडकी उघडण्याआधी मुद्दाम संथ केलेल्या पेमेंट गेटवेसह लोड टेस्ट, म्हणजे कृत्रिम गर्दीची चाचणी, घ्यावी. बिघाड झालाच तर पेमेंट गेटवेच्या नोंदी अर्जांशी जुळवाव्यात आणि पैसे कापले गेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला हेलपाटे न घालायला लावता मुदतवाढ द्यावी.

– एक डेटाबेस प्रशासक, पुणे